मागच्या डाव्या चाकावरचा फुगा

मित्रांनो, फुगा म्हटलं की तुम्हाला जत्रेतला लाल-पिवळा फुगा आठवेल. मी तसला नाही. मी काळा आहे, जाड रबराचा आहे, आणि माझी उंची तुमच्या कोपरापासून मनगटापर्यंत भरेल. एका मोठ्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकावर बसून मी तिचं वजन पेलत होतो. साध्या गाड्यांना त्या जागी लोखंडी स्प्रिंग असते. आमच्या गाडीच्या चारही चाकांवर मात्र आम्ही हवेचे फुगे होतो. आता माझ्या पोटावर कुऱ्हाडीचे तीन घाव आहेत आणि मी अकोल्याच्या एका गॅरेजमागे भंगारात पडलो आहे. ते घाव कोणी घातले आणि का घातले, हे सांगायला बसलो आहे. मन घट्ट करून ऐका. माझ्या गोष्टीत मारझोड बरीच आहे, आणि त्यातला पहिला मोठा घाव मीच घातलेला आहे.

माझा जन्मसुद्धा काही लाडाकोडात झाला नाही. दूरदेशीच्या कारखान्यात रबरात दोऱ्यांचे थर घालून मला तापलेल्या साच्यात कोंबलं आणि वरून दाब दिला. मग हा टिकतो की फुटतो ते पाहायला पोटात मरणाची हवा भरली. माझ्या रांगेतले दोघे तिथंच फाटले. मी टिकलो, म्हणून मला गाडी मिळाली. तेव्हापासून मला स्वतःचा जरा गर्वच होता.

पहिली नऊ वर्षं मी अमरावतीला गौरांग वकिलांकडे काढली. गुळगुळीत रस्ते, सावलीतली जागा, आठवड्याला धुणं. त्यांच्या आईला, गोदावरीबाईंना, मणक्याचा त्रास होता. गाडीत बसल्या की त्या म्हणायच्या, "गाडी आहे की पाळणा?" असं कौतुक ऐकून मी आणखीच ताठ व्हायचो. पण रबराला वय असतं. माझ्या घडीवर बारीक भेगा दिसू लागल्या आणि वकिलांनी गाडी विकायला काढली. ती घेतली हिवरखेडच्या किशोरनं. वकिलांनी त्याला खरं ते सांगितलं होतं, की फुगे जुने झाले आहेत, लवकर बदलून घ्या. किशोरनं मान हलवली. त्याचं लक्ष गाडीतल्या एका बटणाकडे होतं.

ते बटण दाबलं की कॉम्प्रेसर घरघरायचा, आम्हा चौघांत हवा भरायची आणि गाडी जागच्या जागी चांगली वीतभर वर उठायची. दुसरं बटण दाबलं की हवा सुटून ती खाली बसायची. हिवरखेडच्या चौकात हा खेळ पहिल्यांदा झाला तेव्हा गावातली पोट्टी नुसती वेडी झाली. "किशोरभाऊ, उठव ना गाडी," म्हणत ती मागे लागायची आणि किशोर दिवसातून दहा वेळा गाडी उठवायचा. पोळ्याला बैलांची मिरवणूक निघाली, तर हा गडी तिच्या मागून गाडी उठवत-बसवत गेला. त्याचे वडील नत्थुजी कपाळाला हात लावून म्हणाले, "अबे, गाडी हाये का तमाशा?" पण त्यांनाही मनातून बरं वाटत होतं. जन्मभर बैलांची बंडी हाकलेला माणूस, पोराच्या दारात असली गाडी पाहून छाती काढणारच.

रस्ते मात्र अमरावतीसारखे नव्हते. तिकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता तिच्यासोबत वरखाली होतो. अकोटला जा, तेल्हाऱ्याला जा, खड्डा सुटत नाही. प्रत्येक खड्डा मला बुक्की मारायचा. आत बसलेल्यांना त्यातलं काही कळायचं नाही, कारण मार मी खात होतो. वर किशोरची आई पार्वताबाई निवांत डुलक्या काढायची. ती बारीक चणीची, कोरड्या हसण्याची बाई. कापूस वेचण्यात तिच्या उजव्या हाताशी बरोबरी करणारं गावात कोणी नव्हतं. पहिल्यांदा गाडीत बसली तेव्हा तिनं खाली वाकून सीटवर हात फिरवला आणि म्हणाली, "बाप्पा, कोणाच्या मांडीवर बसल्यासारखं वाटून राहिलं." मला ते फार आवडलं होतं.

मग पावसाळा सरता सरता एक टोकदार गिट्टी उडून माझ्या जुन्या भेगेत शिरली. त्या दिवसापासून माझ्यातून हवा सुटू लागली. सकाळी पाहावं तर गाडी डाव्या अंगाला बसलेली. किशोर मला अकोल्याला धम्मदीपच्या गॅरेजात घेऊन गेला. धम्मदीप हा फार बोलणारा माणूस नव्हे. त्यानं गाडी घोडीवर घेतली, म्हणजे लोखंडी टेकणांवर उभी केली, आणि मगच खाली वाकून मला चाचपलं.

"किशोरभाऊ, हे गेलं. बाकीचे तिघंही जाण्यातच हायेत. चारही काढ अन् कॉईल स्प्रिंग टाक."

"कॉईल टाकली का गाडी उठन का मंग?"

"नाई उठणार. लोखंड कसं उठन?"

"मंग पाहू दिवाळी झाल्यावर."

धम्मदीपनं हात पुसले. "पाय बापा, अडीच टनाची गाडी हाये अन् हवेवर उभी हाये. दिवाळीपर्यंत चालवशीन त चालव. पण तोवर इच्या चाकात, इच्या खाली कोणाले हात घालू देऊ नोको. घरी सांगून ठेव समद्यायले."

किशोर हो म्हणाला आणि निघाला. गावाकडे येताना वाटेत पंक्चरवाल्याकडे थांबून त्यानं मला ट्यूबचं ठिगळ मारून घेतलं. पंक्चरवाला नको म्हणत होता, तर यानं त्याच्याशी वाद घातला. घरी आल्यावर ठिगळाची गोष्ट त्यानं कोणालाही सांगितली नाही, आईला नाही, वडिलांना नाही, बायकोला, प्राजक्तालाही नाही. चार दिवसांवर दसरा होता. दसऱ्याला सगळ्या घराला गाडीत घालून सोनं द्यायला सोयऱ्यांच्या गावी जायचं आणि तिथं गाडी उठवून दाखवायची, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. गाडीत खोट आहे म्हटलं असतं तर नत्थुजींनी बंडीतूनच जायचा हुकूम सोडला असता.

मित्रांनो, आता खंडेनवमीचा दिवस सांगतो. त्या दिवशी शेतकऱ्याच्या घरी सगळ्या अवजारांची पूजा होते हे तुम्हाला ठाऊकच आहे. अंगणात विळे, कुऱ्हाडी, वखर, ट्रॅक्टर, बंडी सगळे धुऊन मांडले होते. शेवटी आमची गाडी. नत्थुजींच्या घरी एक जुनी रीत होती. पूजा वरवर करायची नाही. जिथं वजन बसतं तिथं हळद-कुंकू लागलं पाहिजे. म्हणून बंडीच्या आखाला ते हात घालून कुंकू लावायचे, तसंच ट्रॅक्टरला. किशोरनं बॉनेटवर नारळ ठेवला तेव्हा ते म्हणाले, "थे नाई. इचं वजन कोठी बसते ते दाखव."

"आत फुगे हायेत बाबा, त्याच्यावर बसते. राहू द्या, हात नाई जात तिथं."

"आखाले जाते, ट्रॅक्टरले जाते, मंग इथंच काहून नाई जाणार?"

नत्थुजींनी टायरच्या वरून हात घालून पाहिला. त्यांचा दंड जाड, तो अडकला. तेव्हा पार्वताबाई पदर खोचून पुढं आली. "सरका तुमी. माया हात जाते."

किशोरनं त्या क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं त्यानं, मी पाहिलं. पण अंगणात शेजारपाजार जमला होता, पोट्टी ओरडत होती, 'उठव, उठव'. आईचा हात नीट जावा म्हणून त्यानं गाडीत बसून बटण दाबलं. माझ्या पोटात हवा शिरू लागली. ठिगळाच्या कडा उचलल्या गेल्या. मी सूं सूं करत होतो, माझ्यापाशी दुसरी भाषा नाही. पार्वताबाईचा हात टायरवरून आत आला. ओल्या कुंकवाची दोन बोटं माझ्या अंगाला लागली. एवढ्या वर्षांत मला कोणी असा हात लावला नव्हता.

आणि मी फुटलो.

अडीच टनांच्या गाडीची ती अख्खी बाजू एका झटक्यात त्या हातावर आली. टायर आणि वरचा पत्रा यांच्यात वीतभर अंतर होतं, ते दोन बोटांचं झालं. हाड मोडल्याचा आवाज माझ्या फुटण्याच्या आवाजात बुडाला, पण मी तिच्या हाताला चिकटून होतो, मला तो कळला. पार्वताबाई गुडघ्यावर बसली. तिच्या तोंडातून आवाज फुटेना. किशोरनं घाबरून पुन्हा पुन्हा तेच बटण दाबलं. कॉम्प्रेसर किंचाळत राहिला, हवा माझ्या फाटलेल्या पोटातून नुसती बाहेर जात राहिली आणि गाडी तसूभर हलली नाही. नत्थुजींनी गाडीखाली खांदा घातला. दहा-बारा माणसं धावली, कोणी चाकात हात घालू लागलं. तेव्हा तिला वाचा फुटली.

"कोणी हात घालू नोका आत," ती म्हणाली. "पुन्हा बसन ते."

स्वतःचा हात चेचला जात असताना त्या बाईनं दुसऱ्यांचे हात वाचवले. मी निर्जीव आहे म्हणतात, पण तेव्हा मला मरून जावंसं वाटलं.

ट्रॅक्टरचा जॅक आणायला माणूस पळाला. तेवढाही धीर किशोरला निघेना. पूजेला मांडलेली कुऱ्हाड त्यानं उचलली आणि चाकावरचा पत्रा तोडायला सुरुवात केली. हळद-कुंकवाचं पातं, पत्र्यावर घावावर घाव. कुंकू उडत होतं आणि रक्तही. पत्रा फाटून वर वळला, जॅक आला, लोकांनी 'हो' म्हणून गाडी उचलली आणि हात निघाला. प्राजक्तानं आपल्या लुगड्याचा पदर फाडून तो गुंडाळला. शेजाऱ्याच्या जीपमधून पार्वताबाईला अकोल्याला नेलं. अंगणात मी एकटा लोंबत राहिलो.

दवाखान्यात काय झालं ते मी पाहिलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोलण्यातून कळलं. डॉक्टरांनी चार दिवस प्रयत्न केले. पाचव्या दिवशी हात कोपराच्या खालून काढावा लागला.

त्याच दुपारी किशोर एकटा घरी आला. अंगणात तीच कुऱ्हाड पडली होती. फाटक्या पत्र्यातून त्यानं मला गाठलं आणि तीन घाव घातले. पोट, पोट आणि पुन्हा पोट. चौथा घालणार तेवढ्यात नत्थुजी मागून आले. त्यांना वाटलं, पोरगा दुःखानं वेडा झाला आहे. त्यांनी त्याचा हात धरला.

"राहू दे रे. रबराले मारून का होते?"

"बाबा, मले मालूम होतं," किशोर म्हणाला. "धम्मदीपनं सांगतलं होतं. कोणाले हात घालू देऊ नोको म्हणे. ठिगळ मी मारलं. मी सांगतलं नाई."

नत्थुजींनी जन्मात पोरावर हात टाकला नव्हता. बैलालासुद्धा ते तुतारी लावायचे नाहीत, नुसती दाखवायचे. ती तुतारी, बैल हाकायची जाड काठी, भिंतीला टेकून होती. ती त्यांनी उचलली आणि किशोरला मारायला लागले. पाठीवर, खांद्यावर, पोटरीवर, जिथं पडेल तिथं. किशोर जागचा हलला नाही, हातही आडवा केला नाही. काठी मोडली. उरलेल्या तुकड्यानं ते मारत राहिले. शेवटी प्राजक्तानं येऊन त्यांच्या हातातला तुकडा काढून घेतला. म्हातारा धापा टाकत खाली बसला.

"तुया मायले कोण सांगन?" त्यानं विचारलं.

"मी."

"आत्ता जाय. आज सांग."

किशोरनं तसंच सुजल्या अंगानं जाऊन आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. घरी आली तरी नाही. पाणी हवं असेल तर प्राजक्ताला सांगायची. डाव्या हातानं भाकर मोडताना ताट सरकायचं, किशोर ते धरायला जायचा, ती ताट सोडून उठायची. कापूस फुटून शेत पांढरं झालं होतं आणि ती ओसरीत बसून दुसऱ्यांना वेचायला जाताना पाहत होती.

गाडी विकून टाकायची असं नत्थुजींनी ठरवलं. गिऱ्हाईकही आलं. माणूस गाडीभोवती फिरू लागला तेव्हा पार्वताबाई ओसरीतूनच बोलली, नवऱ्याला उद्देशून.

"अवो, हे इकू नका. थे आत हवा हाये तोवर इकू नका. उद्या त्यायच्या घरची कोणती बाई हात घालीन."

गिऱ्हाईक चपापून निघून गेलं. आणि मग गाडी ट्रॉलीवर चढवून अकोल्याला धम्मदीपकडे आणली. पार्वताबाईनं संग यायचा हट्टच धरला. धम्मदीपनं तिला सावलीत स्टूल दिलं. एकदा तिच्या हाताकडे पाहिलं आणि पाना उचलला.

आम्हाला काढायचं काम सोपं नव्हतं. नटबोल्ट गंजून एकजीव झाले होते. धम्मदीपनं छन्नी लावून हातोडा घातला, पहार घालून पिळवटलं, गॅसनं तापवलं. माझ्या तिन्ही भावांना त्यानं उपसून फेकलं. मी शेवटी निघालो, रबराचे लचके मागे ठेवून. मग आल्या कॉईल स्प्रिंगा, करंगळीहून जाड पोलादाच्या, नव्याकोऱ्या. त्या घालताना लोखंडी शिकंज्यात आवळून आखूड कराव्या लागतात, आणि शिकंजा सुटला तर ती स्प्रिंग माणसाचं डोकं फोडते. धम्मदीपनं प्रत्येक स्प्रिंगेला आधी साखळी गुंडाळली, सगळ्यांना मागं सारलं आणि मगच शिकंज्याला पाना लावला. मी पडल्या पडल्या पाहत होतो. मला त्या लोखंडाचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. दणकट, अडाणी वस्तू. पण बसली ती आपल्या जागी, कुरकुर न करता.

मागची डावी बाजू तेवढी जॅकवर राहिली होती. तेव्हा पार्वताबाईनं विचारलं, "धम्मदीप, आता चाकात कोणाचा हात गेला त?"

धम्मदीप उत्तर द्यायला वळला, तोवर किशोर चाकापाशी जाऊन बसला होता. फाटलेला पत्रा अजून तसाच होता. त्याच्या खालून, टायरच्या वरून, त्यानं आपला उजवा हात खांद्यापर्यंत आत घातला. बरोबर तिथं, जिथं आईचा होता.

"जॅक काढ," तो म्हणाला.

"डोकं फिरलं का बे? हात काढ आंधी. स्प्रिंग असो का काई असो, चाकात हात ठेवून कोणी जॅक काढत नसते."

"काढ म्हणतो ना."

"नाई काढत."

किशोरनं डावा हात लांब करून जॅकचा दांडा स्वतःच पकडला आणि फिरवला. धम्मदीप झेपावला, पण उशीर झाला. गाडी खाली आली. दाणकन आवाज झाला, स्प्रिंग कण्हली, आखडली आणि थांबली. किशोरच्या हाताच्या वर अजून चार बोटं जागा होती. हातावर ओरखडासुद्धा नव्हता. तो तसाच बसून राहिला, डोळे मिटून.

पार्वताबाई स्टुलावरून उठली. चालत त्याच्यापाशी आली आणि डाव्या हातानं त्याच्या तोंडावर मारलं. त्या हाताला सवय नव्हती, थप्पड कानावर वाकडी बसली. तिनं दुसरी मारली. ती नेमकी लागली.

"एक हात गेला घरचा," ती म्हणाली. दीड महिन्यात त्याच्याशी बोललेले हे तिचे पहिले शब्द. "दुसरा कोणाले इचारून घातला तू? हात काढ."

त्यानं हात काढला. तिनं तो आपल्या डाव्या हातात घेतला, पालथा केला, उलथा केला, एकेक बोट वाकवून पाहिलं. मग खाली बसून ती मोठ्यानं रडली. दवाखान्यात रडली नव्हती, घरी रडली नव्हती, तेवढं सगळं तिथं ग्रीसनं काळ्या झालेल्या जमिनीवर रडली. किशोरनं तिचे पाय धरले. धम्मदीप पाना घेऊन उगाच दुसऱ्या गाडीकडे गेला.

संध्याकाळी ते निघाले. पार्वताबाई पुढच्या सीटवर बसली. गॅरेजच्या फाटकाशी नालीवरची फरशी खचलेली आहे, तिथं गाडी जोरात आदळली. पूर्वी मी तो दणका गिळला असता, वर कोणाला पत्ताही लागला नसता.

किशोरनं ब्रेक मारला. "लागलं का वो माय? आता असेच दणके बसतीन."

"बसू दे," ती म्हणाली. "खड्डा हाये ते त समजते. चाल."

मित्रांनो, ज्या वस्तूच्या पोटात हवा दाबून भरली आहे, ती चाकावर उभी दिसली तरी तिच्या खाली, तिच्या आत हात घालू नका. जुन्या रबराला वेळेवर निरोप द्या. आणि तुमच्या हातून एखादं ठिगळ मारलं गेलं असेल, घरात फक्त तुम्हालाच ते ठाऊक असेल, तर त्यावर आईचा हात पडण्याआधी सांगून टाका. मार बसेल. बसू द्या.